संकष्टीचं दुखणं

माझं पोट महिन्यातून एकदा दुखतं आणि ते पाळीच्या वेळी नाही. पाळीत मला काहीच होत नाही, त्या बाबतीत माझ्या मैत्रिणी माझ्यावर जळतात. मला दुखतं ते मधल्या दिवसांत, दोन पाळ्यांच्या साधारण मध्यावर. बेंबीच्या खाली, एका बाजूला, चार बोटं मावतील एवढ्याच जागेत. आधी एक बारीक कळ येते, मग कुणीतरी तिथं अंगठा रोवून बसल्यासारखं वाटत राहतं आणि पाच-सहा तासांनी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं गायब. इतकं गायब की आदल्या दिवशी आपण नाटक करत होतो की काय अशी स्वतःलाच शंका यावी.

कॉलेजात असल्यापासून हे चालू आहे. तेव्हा आम्ही यवतमाळला होतो. माझ्या आईला एकदाच सांगितलं, तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "वात असन. ओवा खाय अन् पडून राह्य." मी ओवा खाल्ला, पडून राहिले, सकाळी पोट थांबलं आणि सगळं श्रेय ओव्याला गेलं. त्यानंतर मी कुणाला सांगायच्या फंदात पडले नाही. नाव नसलेलं दुखणं सांगायचं तरी कसं?

पुण्याला आले ती स्पर्धा परीक्षेसाठी. सदाशिव पेठेत एका खोलीत चौघी जणी, तीन वर्षं. परीक्षा काही निघाली नाही. पण भूगोल पक्का झाला होता, तेव्हा ज्या क्लासमध्ये शिकत होते तिथंच शिकवायला लागले. त्याच काळात दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका शांत मुलाशी ओळख झाली. तो खडकीच्या कारखान्यात नोकरीला होता, सकाळी पावणेसातला स्कूटर काढायचा. पुढं त्याच्याशी लग्न झालं. खोलीतली माझी ट्रंक दोन गल्ल्या ओलांडून तिसऱ्या मजल्यावर गेली. बिनलिफ्टची इमारत. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई.

सासूबाई एका शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले. बाईंचं बोलणं मोजकं आणि प्रत्येक वाक्याला धार. मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "यवतमाळ म्हणजे फारच लांबून आलीस. पुण्यात मुली नव्हत्या असं नाही." मी मनात पेटले. चार उत्तरं ओठांवर आली होती, पण त्यांचा मुलगा समोर इतका केविलवाणा चेहरा करून बसला होता की मी चहाचा घोट घेतला.

त्या वाईट वागल्या असं मी कधीच म्हणणार नाही. मला कधी टाकून बोलल्या नाहीत, की कामाला जुंपलं नाही. फक्त एक होतं. सकाळचा चहा त्या करायच्या. स्वतःला आणि मुलाला नुसता कप, मला मात्र कपाखाली बशी. त्या घरात बशी पाहुण्यांना मिळते. लग्नाला एक महिना झाला, तीन झाले, सहा झाले, बशी काही हटेना. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, मान देतेय ती तुला." पुरुषांना काही गोष्टी दिसतच नाहीत. मला रोज सकाळी त्या बशीचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर रडूही यायचं.

अशाच एका संध्याकाळी माझं नेहमीचं दुखणं आलं. क्लासमधून लवकर घरी आले आणि खोलीत पाय पोटाशी घेऊन पडले. नवरा अजून आला नव्हता. जेवायच्या वेळेला सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

"जेवायचं नाही?"

"नको, आई."

"बरं नाही का?"

आता पोट दुखतंय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. वारजेला त्यांची धाकटी बहीण राहते, ती येईल तेव्हा माझ्या पोटाकडे बघूनच चप्पल काढायची. सासूबाईंनी तसं कधी विचारलं नव्हतं, पण पोट हा शब्द ऐकून त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं असतं आणि ते मला लगेच विझवावं लागलं असतं. ते नको होतं. मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात त्यांनीच ते पुरवलं.

"आज संकष्टी, म्हणून नाही का जेवत?"

संकष्टी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी म्हणाले, "हो."

त्या दारातून हलल्या नाहीत. "सकाळपासून धरलायस?"

दुपारी मी क्लासखालच्या टपरीवर मिसळ खाल्ली होती. "हो," मी म्हणाले.

त्या आत गेल्या. चंद्र उगवल्यावर मला हाक मारली. वरणभात, बटाट्याची भाजी, नैवेद्याचे पाच मोदक, एवढ्या वेळात त्यांनी सगळं केलं होतं. मी दोन घास कसेबसे गिळले. त्या समोर बसून बघत होत्या, आणि मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडून ऐकलेली ती पहिलीच गोष्ट. मुलगा झाला तेव्हापासून एकतीस वर्षं त्यांनी संकष्टी केली होती. दोन वर्षांपूर्वी अशाच उपवासाच्या दिवशी साखर उतरली आणि त्या बसस्टॉपवर चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी उपवास बंद केला, मुलानं शपथ घातली. "देवाला सांगून सोडला," त्या म्हणाल्या. "पण जेवताना घास लागतो. दर संकष्टीला लागतो. आता तू धरलास, बरं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला. नुसता कप होता. मी तो दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बसले. मला इतका आनंद झाला होता की त्याच्या मुळाशी एक खोटं आहे हे सोयीस्करपणे विसरायला झालं.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो उशीत तोंड खुपसून हसला. "राहू दे ना. ती खूश आहे. पुढच्या महिन्यात सांगून टाक."

पुढचा महिना आला. आदल्या दिवशीच स्वयंपाकघरातून आवाज आला, "उद्या संकष्टी. साबुदाणा भिजवलाय." आता या क्षणी सांगायचं म्हणजे भिजलेल्या साबुदाण्यावर सांगायचं. जमलं नाही. डब्यात खिचडी घेऊन क्लासला गेले. मला साबुदाण्याची खिचडी लहानपणापासून आवडत नाही, ती घशाखाली उतरायलाच तयार नसते. डबा मी सहकाऱ्यांना वाटून टाकला आणि खाली जाऊन मिसळ खाल्ली. आणि संध्याकाळी पोट दुखायला लागलं.

तिसऱ्या महिन्यात तेच. चौथ्यातही. मला आधी वाटलं खिचडीमुळे होत असेल, पण खिचडी मी खातच नव्हते. मग एक भलताच विचार डोक्यात शिरला आणि तो काही निघेना. देव बघतोय. त्याच्या नावानं खोटं बोललीस, उपवास म्हणून मिसळ खाल्लीस, म्हणून तो बरोबर त्याच्या दिवशी तुझ्या पोटात बोट घालतोय. भरती-ओहोटी, चंद्राच्या कला, अक्षवृत्तं असलं सगळं मी रोज फळ्यावर आकृत्या काढून शिकवत होते आणि संध्याकाळी देवासमोर कान पकडत होते. दुखणं आधीपासूनचं आणि खोटं नंतरचं, एवढा साधा हिशेब तेव्हा सुचला नाही. भीतीपुढे माझा भूगोल काही कामाचा राहिला नाही.

पाचव्या महिन्यात मिसळ सोडली आणि खराच उपवास केला. चंद्र उगवेपर्यंत दोन केळी आणि पाणी. तरी दुखलं. तेव्हा मात्र मी फार घाबरले, आणि उपवासाचाही उपयोग नाही म्हणून पुन्हा मिसळीवर आले.

इकडं सासूबाईंशी माझं छान जमत चाललं होतं. त्यांनी मला पुरणाची खरी युक्ती शिकवली, कपाटाच्या किल्ल्या कुठं ठेवतात ते दाखवलं, आणि शेजारणीचं एक पंचवीस वर्षांचं गुपित विश्वासानं सांगितलं. वारजेच्या बहिणीशी फोनवर बोलताना एकदा ऐकलं, "सुनेनं माझी संकष्टी घेतली गं. न सांगता." आवाजात इतका अभिमान होता की मी पुस्तकाआड तोंड लपवलं.

मग अंगारकी आली, मंगळवारची संकष्टी, म्हणजे बाईंच्या लेखी दिवाळीच. मला घेऊन त्या पेठेतल्या गणपतीला गेल्या. सव्वा तास रांग. माझ्या हातात दूर्वा आणि जास्वंदीचं ताट, आणि अर्ध्या रांगेतच कळ सुरू झाली. मी कठड्याला टेकून दात आवळून उभी. बाई म्हणाल्या, "तुला उपवास बाधतो. पित्त होतं. झेपत नसेल तर सोड हो, मला वाईट वाटणार नाही." यापेक्षा सोपी सुटका मला मिळणार नव्हती. आणि मी काय म्हणाले? "नाही आई, करते मी." कारण वाईट वाटणार नाही असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

आठव्या संकष्टीला मी क्लासमध्ये फळ्यावर नदीखोरी काढत होते. कळ आली ती इतकी जोरात की खडू हातातून सुटला. खुर्चीत बसले ती उठवेना. नवऱ्याला फोन गेला, तो खडकीहून धावत आला आणि मला जवळच्या एका सर्जनकडे घेऊन गेला. त्यांनी पोट दाबलं, उजव्या बाजूला मी ओरडले. सोनोग्राफी झाली. ओटीपोटात थोडं पाणी दिसतंय, आपेंडिक्स नीट दिसत नाही, पण दर महिन्याला उजवीकडे असं होत असेल तर पुन्हा पुन्हा सुजणारं आपेंडिक्स असू शकतं, असं ते म्हणाले. काढून टाकलेलं बरं. आज घाई नाही, गुरुवारी करू.

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. एकदाचं नाव तरी मिळालं होतं. माझाही पडला, खोटं का बोला. आपेंडिक्स असेल तर देवाचा कोप नसेल.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी बाईडॉक्टरला दाखवू."

"आई, सर्जन सांगतायत ना," नवरा म्हणाला. "उगाच कशाला लांबवायचं?"

"गुरुवार कुठं पळून जात नाही. उद्या मी घेऊन जाते हिला. तू कामावर जा."

असा आवाज मी त्यांचा आधी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चालत गेलो. माझं दुखणं नेहमीप्रमाणे पार थांबलं होतं, त्यामुळे डॉक्टरांसमोर बसताना लाजच वाटत होती. स्त्रीरोगतज्ज्ञ बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी सोनोग्राफीचा कागद बघितला, माझ्या पाळीची मागची तारीख विचारली, महिना किती दिवसांचा ते विचारलं. मी सांगितलं, एकोणतीस, कधी तीस.

"आणि हे दुखतं ते नक्की कधी? तारखा आहेत?"

तारखा मी लिहून ठेवल्या नव्हत्या. पण तारखा मला माहीत होत्या. खोलीत आम्ही तिघीच होतो, सासूबाई माझ्या शेजारच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर धरून ताठ बसलेल्या. गुरुवारी माझं पोट फाडायचं होतं. एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोललं की मला मिळालेलं सगळं परत जाणार होतं. किल्ल्या, गुपितं, नुसता कप.

"सांगा ना," डॉक्टर म्हणाल्या. "अंदाजे सांगितलंत तरी चालेल."

त्यांच्या मागं भिंतीवर कॅलेंडर होतं. मी उठले. त्याची पानं उलटत मागं गेले आणि एकेका महिन्यावर बोट ठेवत पुढं आले. हा दिवस. मग हा. मग हा. प्रत्येक चौकोनात गणपतीचं छोटं चित्र होतं आणि खाली चंद्रोदयाची वेळ.

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "या सगळ्या संकष्ट्या आहेत."

"हो," मी म्हणाले. मागं वळायची हिंमत नव्हती, म्हणून कॅलेंडरलाच सांगितलं. "पहिल्या वेळी माझं पोट दुखत होतं म्हणून जेवले नव्हते. आईंना वाटलं उपवास आहे. मी हो म्हणाले. नंतर सांगता आलं नाही. उपवास एकदाच केला, बाकीच्या वेळी... नाही केला."

खोलीत पंखा फिरत होता.

डॉक्टर बाईंनी समोरच्या कोऱ्या कागदावर माझ्या पाळीच्या तारखा मांडल्या, त्या चौकोनांच्या तारखा मांडल्या, आणि मधले दिवस बोटांवर मोजले. दर वेळी पुढच्या पाळीच्या आधी चौदा, पंधरा, चौदा. "हे बघा," त्या म्हणाल्या, "दर महिन्याला एका अंडाशयातून बीज बाहेर पडतं. तिथं एक फुगा असतो, तो फुटतो, त्यातलं थोडं पाणी, कधी थेंबभर रक्त आत सांडतं. बऱ्याच जणींना कळतसुद्धा नाही. काही जणींना कळतं. तुम्हाला कळतं. सोनोग्राफीत दिसलं ते पाणी त्याचंच असणार. आणि संकष्टीचा काही संबंध नाही हं. चंद्राचाही महिना साधारण तेवढाच, तुमचाही तेवढाच, म्हणून काही महिने जोडी जमली. सुटेल लवकरच." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "फक्त एक गोष्ट. दर वेळी उजवीकडेच दुखतं का? कधी डावीकडे? दोन्हीकडे होत असेल तर आपेंडिक्सचा विषयच संपतो."

मी आठवायचा प्रयत्न केला. त्या दुखण्यात मी कधी बाजू मोजल्या नव्हत्या. काल उजवीकडे होतं हे पक्कं. बाकी काही आठवेना. "उजवीकडेच असावं," मी म्हणाले.

"नाही," मागून आवाज आला.

सासूबाई डॉक्टरांकडे बघून बोलत होत्या, माझ्याकडे नाही. "अंगारकीला डावीकडे होतं. रांगेत ताट तिच्या डाव्या हातात होतं. ते तिनं उजव्या हातात घेतलं आणि डावा हात पदराखालून इथं दाबून धरला." त्यांनी स्वतःच्या पोटावर डावीकडे हात ठेवून दाखवला. "घरी येईपर्यंत काढला नाही. त्याच्या आदल्या महिन्यात उजवीकडे होतं. त्या रात्री ती उजव्या कुशीवर पाय मुडपून निजली होती. मी पांघरूण घालायला गेले होते."

मी खुर्चीत बसले. मला रडायला यायला लागलं आणि ते मी थांबवलं नाही.

डॉक्टरांनी तिथूनच सर्जनना फोन लावला. दोघं पाच मिनिटं बोलले. गुरुवार रद्द झाला. मला सांगितलं, शेक घ्या, फारच दुखलं तर ही एक गोळी, आणि ताप आला, उलट्या झाल्या किंवा दोन दिवसांत थांबलं नाही तर सरळ इथं या, घरी ओवा खात बसू नका. ओव्याचं त्यांना कसं कळलं कोण जाणे.

परत येताना सासूबाई माझ्या दोन पावलं पुढं चालत होत्या. एका कोपऱ्यावर स्कूटरींची रांग लागली होती म्हणून थांबलो, तेव्हा म्हणाल्या, "आठ."

"काय आई?"

"आठ संकष्ट्या. पहिलीनंतर सहा वेळा साबुदाणा भिजवला, एकदा वरी. डब्याचं काय करायचीस?"

"वाटून टाकायचे."

"आवडला का त्यांना?"

"फार."

"निदान कुणीतरी खाल्ला." मग म्हणाल्या, "उपवास केला नाहीस त्याचं मला काही नाही. मी कुणाला करायला सांगितलेला नाही. पण बहिणीला मी सांगून बसले होते. एवढ्या वर्षांत तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही आलं नव्हतं."

मी माफी मागितली. त्यांनी हातानंच राहू दे म्हटलं आणि जिना चढायला लागल्या. गुडघे दुखतात त्यांचे, एकेक पायरीवर थांबून चढतात. नेहमी मी त्यांचा हात धरायचे, त्या दिवशी त्यांनी कठडा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला. कपाखाली बशी होती.

ती महिनाभर राहिली. घरात भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. भाजी कुठली करू, धोबी आला का, सगळं व्यवस्थित. मी भांडकुदळ बाई आहे, मला आरडाओरडा झालेला चालतो. हे असलं नीटनेटकं वागणं मला सहन होत नाही. नवऱ्याला म्हटलं, आईंनी माझ्यावर ओरडावं असं काहीतरी कर. तो म्हणाला, "तुला माहीत नाही, ती चिडली नाहीये. विचार करतेय." हे ऐकून मी आणखी घाबरले.

डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं, पुढच्या महिन्यात चंद्राची आणि माझी जोडी सुटली. संकष्टीच्या दोन दिवस आधीच कळ आली, दुपारी घरी असताना. या वेळी मी लपवलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, "आई, माझं ते दुखायला लागलंय, मी पडते जरा."

"पड," त्या म्हणाल्या.

दहा मिनिटांनी त्या खोलीत आल्या, दार न वाजवता. हातात गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळलेली. पलंगाच्या कडेला बसल्या.

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

त्यांनी पिशवी तिथं ठेवली आणि वर हात ठेवून बसून राहिल्या. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवत होतं.

"माझं आपेंडिक्स काढलेलं आहे," त्या म्हणाल्या.

मला माहीत नव्हतं. त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

"लग्नाला वर्ष झालं होतं. असंच दुखायचं, उजवीकडे. तारखा कुणी विचारल्या नाहीत, आणि मला सांगायचं सुचलं नाही. ऑपरेशन झालं. तुझ्या आजेसासूबाईंनी पंधरा दिवस मला अंथरुणातून खाली पाय ठेवू दिला नाही. त्यांनी स्वतः माझी वेणी घातली. दवाखान्यात रोज दोन वेळा डबा आणायच्या, चालत. तेव्हापासून त्या माझ्याशी आईसारख्या वागायला लागल्या. आणि पुढच्याच महिन्यात परत दुखलं."

त्यांनी पिशवी जराशी खाली सरकवली, बरोबर जागेवर.

"आता काय सांगणार? एवढं केलं त्यांनी. त्या अधूनमधून विचारायच्या, आता दुखत नाही ना गं? मी म्हणायचे, नाही. बावीस वर्षं म्हणत होते. पाळी गेली तेव्हा दुखणं गेलं. तोवर त्याही गेल्या होत्या."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तू आठच महिने टिकलीस. त्या कॅलेंडरपाशी उठून गेलीस ना, तेव्हा मला तुझा राग आला होता. घरी आल्यावर कळलं, राग तुझा नव्हता. मला जे बावीस वर्षांत जमलं नाही ते तू परक्या बाईसमोर करून मोकळी झालीस, त्याचा होता." मग उठल्या. "पाणी निवलं. बदलून आणते."

त्या आत गेल्या आणि मी उशीत तोंड घालून रडले. दुखण्यामुळे नाही. त्या दोघी सासू-सुनांसाठी, एक चालत डबा आणणारी आणि एक दर महिन्याला नाही म्हणणारी, आणि दोघींनाही एकमेकींची किती माया होती त्यासाठी.

दोन दिवसांनी संकष्टी होती. सकाळी मी स्वयंपाकघरात गेले. भिजवलेलं काही नव्हतं. कढईत पोहे होते, वर खोबरं-कोथिंबीर घालायचं बाकी होतं. सासूबाई गाळणीतून चहा गाळत होत्या.

"आज संकष्टी," त्या म्हणाल्या. पाठमोऱ्याच. "करणार आहेस?"

दोन दिवस मी ठरवत होते की आता खरंच करायचा, त्यांच्यासाठी, मनापासून. ते वाक्यही तयार होतं. पण मला भूक लागली होती आणि पोह्यांचा वास सुटला होता.

"नाही," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि वळून चहा माझ्या हातात दिला. नुसता कप होता, कानाला धरायलाही गरम.